स्त्री-आरोग्याच्या संशोधनाला कायमची माणसं द्या : वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
माननीय कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
माननीय महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली

विषय : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्री-आरोग्य संशोधनाची कायम पदे निर्माण करून त्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाचे वेगळे खाते) उघडण्याबाबत

महोदय,

जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, की बीड जिल्ह्यात आधीच्या तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली असल्याचं समोर आलं. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. राज्यभर बातम्या झाल्या, देशाबाहेरच्या माध्यमांनीही दखल घेतली, सभागृहात चर्चा झाली.

मला विचारायचं आहे ते त्यानंतरचं. त्या १३,८६१ जणींची हाडं आज कशी आहेत? रक्तदाब किती आहे, साखर किती आहे? पिशवीबरोबर किती जणींची अंडाशयंही काढली गेली? तिशीत पाळी कायमची गेलेली बाई चाळिशीत उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते, तेव्हा तिच्या मणक्याचं काय होतं? ज्या त्रासासाठी तिने ऑपरेशन करून घेतलं, तो त्रास तरी गेला का? या प्रश्नांची उत्तरं शोधणं हेच ज्याचं रोजचं काम आहे, असं एक तरी कायम पद आपल्या विभागाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, असेल, तर त्या पदाचं नाव आणि ठिकाण कृपया जाहीर करा. मला ते सापडलेलं नाही, आणि मी याच क्षेत्रात काम करते.

मी मराठवाड्यातली आहे. सामाजिक आरोग्य या विषयात पीएचडी केली आणि तेव्हापासून स्त्री-आरोग्याच्या एका प्रोजेक्टवरून दुसऱ्या प्रोजेक्टवर काम करत आले. शेवटचा प्रोजेक्ट ऊसतोडीला जाणाऱ्या गावांमधल्या बायकांचा रक्तक्षय आणि पाळीतला अतिरक्तस्राव यांवर होता. मार्चअखेरीस तो बंद झाला. संस्थेचं नाव मी घेणार नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही. पुढचा निधी आला नाही आणि संस्थेकडे आम्हाला ठेवायला पदच नव्हतं. गावोगाव फिरणाऱ्या आमच्या कार्यकर्त्या घरी गेल्या. भरलेले फॉर्म लोखंडी कपाटात गेले. कपाटाची किल्ली कोणाकडे द्यायची यावर दोन टेबलांमध्ये पत्रव्यवहार झाला. ज्या बायकांनी आम्हाला रक्त दिलं, त्यांच्यापैकी काही जणी अजून फोन करतात आणि विचारतात, "ताई, माझ्या रक्तात काय निघालं होतं? परत कधी येणार?" त्यांना सांगायला माझ्याकडे तारीख नाही. म्हणून हे पत्र.

आपल्या राज्यात स्त्री-आरोग्यावर संशोधन झालंच नाही, असं मी म्हणत नाही. उलट जगाने दखल घ्यावी असं काम इथे झालेलं आहे. पण ते कुठे झालं आणि कोणाच्या बळावर झालं, हे आपण एकदा बारकाईने पाहावं.

जानेवारी १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यात होती. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकेका बाईला तीनाहून जास्त आजार होते. आणि त्याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच सरकारी कागदावर होतं. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, अंग बाहेर येणं हे सगळं बायका अंगावर काढत होत्या आणि आरोग्य खात्याच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये त्याला रकाना नव्हता. या अभ्यासाने जगाला तो रकाना आखायला लावला.

दुसरं काम बार्शी आणि धाराशिवचं. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या पायावर १९९९-२००० पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास उभा राहिला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : एचपीव्हीची (हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या विषाणूची) एकच तपासणी केली, तरी पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. आज जगभर एचपीव्ही चाचणीचा आग्रह धरला जातो, त्यामागच्या भक्कम पुराव्यांपैकी एक आपल्या भूम-परंड्याच्या मुलखातून गेलेला आहे.

तिसरं पुण्याजवळच्या सहा गावांमधलं. १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने तिथे माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. सुमारे आठशे गर्भवती, मग त्यांची मुलं, मग त्या मुलांची मुलं. आईच्या शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे जीवनसत्त्व जास्त असेल, तर मुलाला पुढे मधुमेहाचा धोका वाढू शकतो, हा धागा तिथे हाती लागला. हे कळायला आधी मूल सहा वर्षांचं व्हावं लागलं. एक वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मूल सहा वर्षांचं होत नाही.

आता या तिन्ही कामांची ठिकाणं पाहा. गडचिरोलीत एक स्वयंसेवी संस्था. बार्शीत विश्वस्त मंडळाचं कर्करोग रुग्णालय आणि सोबत केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखालचं टाटा मेमोरियल. पुण्यात विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाचं संशोधन केंद्र. पैशाचा मोठा वाटाही बाहेरचा : उस्मानाबादला गेट्स फाउंडेशनचा, पुण्याला वेलकम ट्रस्टचा. तिन्ही ठिकाणी माणसं वर्षानुवर्षं एका जागी टिकून राहिली, आणि तिन्ही ठिकाणी त्यांना टिकवणारं राज्य सरकारचं वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. ही आपल्या विभागाला टोचायला हवी अशी गोष्ट आहे.

कारण महाविद्यालयं तर आहेत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच बीड जिल्ह्यात आहे आणि ग्रामीण भागासाठी म्हणूनच ते उभारलं गेलं. ऊसतोडीच्या टोळ्या त्याच्या आसपासच्या तालुक्यांतून निघतात. पिशव्या काढल्या जात होत्या तेव्हाही ते महाविद्यालय तिथेच होतं. तिथल्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही. त्यांच्या ओपीडीची रांग मी पाहिली आहे. सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशन थिएटर, रात्री लेबर रूम, मधल्या वेळात विद्यार्थी. त्या माणसाने गावात जाऊन वर्षानुवर्षं बायकांचा पाठपुरावा कधी करायचा?

माझ्या तक्रारी आता मुद्द्याने मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पदांच्या गणिताची आहे. महाविद्यालय सुरू होतं तेव्हा विद्यार्थी किती आणि खाटा किती यावरून अध्यापकांची पदं ठरतात. संशोधन हे त्या अध्यापकांनी जाता जाता करायचं काम मानलं जातं. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना, भंडारा, अमरावती, नाशिक, अंबरनाथ, मुंबई. ही यादी वाचून मला खरोखर आनंद झाला होता. यातले कितीतरी जिल्हे असे आहेत, जिथल्या बायकांच्या आजारांबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही. पण त्या जिल्ह्यांत प्रश्न विचारणारी माणसं नेमली जाणार नसतील, तर ही माहिती येणार कुठून?

केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१३-१४ पासून वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधनासाठी एमआरयू नावाची केंद्रं सुरू केली. उपकरणं आली, प्रयोगशाळा झाल्या. तिथली शास्त्रज्ञाची आणि तंत्रज्ञाची पदं मात्र कंत्राटी.

दुसरी तक्रार कंत्राटाचीच. आमच्या क्षेत्रातल्या जाहिराती आपण एकदा वाचून पाहा. "निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात", "प्रकल्प संपताच सेवा आपोआप समाप्त होईल", "कायम नेमणुकीचा कोणताही हक्क राहणार नाही". ही वाक्यं आम्हाला पाठ आहेत. कागदावरची रक्कम वाईट नाही. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० आणि रिसर्च असोसिएटला ५८,००० रुपयांपासून पुढे ठरवले आहेत. पण ते पैसे कधी येतील याची खात्री नसते. आधीच्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) अडकलं की पुढचा हप्ता अडकतो आणि त्या काळात घरभाडं थांबत नाही. गावपातळीवर काम करणाऱ्या बाईला तर याच्या निम्मंही मिळत नाही. माझी एक सहकारी गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयावर काम करत होती. ती स्वतः गर्भवती असताना तिच्या कराराची मुदत संपली आणि तो पुढे वाढवला गेला नाही. बाळंतपणानंतर ती या क्षेत्रात परतली नाही. ती रक्ताचे नमुने हाताळण्यात आमच्यातली सगळ्यात काटेकोर होती. तिच्या जागी नवी मुलगी घेऊन शिकवावी, तर शिकवायलाही कोणी उरलं नव्हतं.

हे नुकसान फक्त आमचं असतं, तर मी जाहीर पत्र लिहिलं नसतं. खरं नुकसान विश्वासाचं आहे. अंगावरून जातंय, संबंधांच्या वेळी दुखतं, खोकलं की लघवी सुटते, हे कोणतीही बाई पहिल्या भेटीत सांगत नाही. दुसऱ्या भेटीत ती सासूबद्दल बोलते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, घरात कोणी नसताना, चुलीपाशी बसून हळूच सांगते. तोवर आमच्या प्रोजेक्टचे बरेच महिने गेलेले असतात. पुढच्या वर्षी नवा प्रोजेक्ट, नवी माणसं, नवा फॉर्म, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न. "मागं बी असंच रक्त नेलं होतं, त्याचं काय झालं?" हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक गावात ऐकला आहे. तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

तिसरी तक्रार प्रबंधांची. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध करावा लागतो आणि महाविद्यालयातलं बरंचसं संशोधन म्हणजे हे प्रबंधच. वेळ थोडा, पैसा नाही, म्हणून विषय असा निवडला जातो की ओपीडीत आलेल्या शंभरेक रुग्णांवर भागेल. पण गडचिरोलीत १०० पैकी ९२ जणींची कधीच तपासणी झालेली नव्हती, हे आपण वर पाहिलं. ओपीडीत बसून केलेल्या संशोधनाला फक्त उरलेल्या ८ जणी दिसतात. प्रबंध बांधून ग्रंथालयात जातात, पुढच्या तुकडीचा विद्यार्थी तोच विषय थोडा फिरवून घेतो, आणि त्या शंभर रुग्ण पुढे बऱ्या झाल्या की नाही हे कोणी पाहत नाही. याच विद्यार्थ्यांच्या मागे एक कायम संशोधक असता आणि दर वर्षीचा प्रबंध आधीच्या प्रबंधाला जोडला गेला असता, तर दहा वर्षांत केवढी माहिती उभी राहिली असती!

चौथी तक्रार आपण ज्या योजना राबवतो त्यांच्याबद्दल आहे, आणि ती मी रक्तक्षयाच्या उदाहरणाने सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पाचव्या फेरीत हा आकडा ५४.२ टक्के झाला. लोहाच्या गोळ्या आपण वर्षानुवर्षं वाटतो आहोत, तरी प्रमाण वाढतं. का? बोटाच्या टोकातून रक्त घेण्याच्या पद्धतीमुळे आकडा फुगतो, असं काही तज्ज्ञ म्हणतात. मग शिरेतून रक्त घेऊन खरं प्रमाण कोण काढणार? नंदुरबार-गडचिरोलीत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाटा किती? बी-१२ च्या कमतरतेचा किती? पाळीत जाणाऱ्या रक्ताचा किती? आमच्या प्रोजेक्टमध्ये हा शेवटचा प्रश्न होता. दिवसाला किती कपडे बदलावे लागतात, गाठी पडतात का, असं विचारायला लागल्यावर बायका म्हणायच्या, "हे तर सगळ्यांनाच असतं." अतिरक्तस्राव होणाऱ्या बाईला नुसती गोळी देऊन भागत नाही, आणि त्या रक्तस्रावावर वेळेत साधे उपचार मिळाले नाहीत, की हीच बाई पुढे कंटाळून पिशवी काढायला जाते. रक्तक्षयाची फाइल एका टेबलावर असते आणि पिशवीची दुसऱ्या. बाईच्या शरीरात ती एकच गोष्ट आहे.

ऊसतोड बाई पिशवी का काढते, याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असं सगळे धरून चालतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, खाडा पडला की दंड, फडात ना संडास ना पाणी, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहणं, लहान वयात लग्न, लवकर नसबंदी, आणि मग कोणीतरी डॉक्टर सांगतो की पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. हे सगळं खरं आहे, मी ते ऐकलेलं आहे. पण यातल्या कशाचा किती वाटा आहे? पाणी आणि संडास दिले तर किती ऑपरेशनं टळतील? तालुक्याच्या ठिकाणी अतिरक्तस्रावावर औषधोपचार उपलब्ध असले तर किती? हे मोजल्याशिवाय आपण पैसा कुठे घालायचा हे ठरवू शकत नाही. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच चौथ्या फेरीत देशातल्या स्त्रियांचं पिशवी काढतानाचं मध्यक वय ३४ निघालं आणि दोन-तृतीयांश ऑपरेशनं खासगी रुग्णालयांत झालेली होती. म्हणजे हा एकट्या बीडचा प्रश्नही नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. ती तत्त्वं लागू झाल्याने काही फरक पडला का, हे तपासायलाही माणसं लागतात.

एक शंका मला आधीच दिसते. "उपचारासाठी डॉक्टर मिळत नाहीत, पदं रिकामी आहेत, आणि तुम्ही संशोधनाची पदं मागता?" ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला नीट उत्तर देते. मी मागते त्यातली बरीच पदं स्त्रीरोगतज्ज्ञांची नाहीत. सामाजिक आरोग्य, संख्याशास्त्र, पोषण, मानवशास्त्र, परिचर्या या विषयांतल्या शिकलेल्या मुली राज्यात भरपूर आहेत आणि त्या आज कॉल सेंटरपासून स्पर्धा परीक्षांच्या क्लासपर्यंत कुठेही काम करताना दिसतात. दुसरं म्हणजे, संशोधनाला निश्चित वेळ मिळणार असेल, तर काही तरुण डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी राहायला तयार होतील. मी अशांना ओळखते.

"मुंबईत परळला प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे की," असंही म्हटलं जाईल. आहे. १९५४ मध्ये गर्भनिरोधकांच्या चाचणीसाठी सुरू झालेल्या केंद्रातून ती वाढली आणि प्रजनन आरोग्यावर तिथे मोलाचं काम होतं. पण ती साऱ्या देशाची संस्था आहे. बीडमधल्या केज किंवा वडवणीच्या बाईला परळ लांब पडतं.

अमेरिकेत ही अडचण वेगळ्या रूपात होती. तिथे १९७७ पासून मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं जायचं. १९९३ मध्ये ते धोरण बदललं आणि सरकारी निधीच्या संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला. पण कायद्याने माणसं तयार होत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून २००० साली त्यांच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने फक्त स्त्री-आरोग्याच्या तरुण संशोधकांसाठी पदांना निधी द्यायला सुरुवात केली. त्यातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते : त्या अध्यापकाचा किमान ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखीव. ओपीडी वाढली, विद्यार्थी वाढले, तरी त्याला हात लावायचा नाही. तिथेही सगळं सुरळीत नाही. १९९० च्या दशकापासून दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा पाठपुरावा करणाऱ्या त्यांच्या मोठ्या अभ्यासाचा निधी २०२५ मध्ये तोडण्याची घोषणा झाली आणि लोकांनी आवाज उठवल्यावर ती मागे घेतली गेली. तिथे तोडायला काहीतरी उभं होतं. आपल्याकडे आधी ते उभं करायचं आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. राज्याच्या सहाही महसुली विभागांत, प्रत्येकी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, स्त्री-आरोग्य संशोधन केंद्र सुरू करावं. मराठवाड्याचं केंद्र अंबाजोगाईला द्यावं. प्रत्येक केंद्रात प्राध्यापक दर्जाचं एक, सहायक प्राध्यापक दर्जाची दोन, संख्याशास्त्रज्ञाचं एक, तंत्रज्ञांची दोन आणि क्षेत्र-कार्यकर्त्यांची सहा पदं असावीत. पदं मंजूर आणि कायम हवीत. क्षेत्र-कार्यकर्त्या त्याच तालुक्यातल्या असाव्यात, आणि आशाताईंवर हे काम आणखी एक फुकटचं ओझं म्हणून टाकू नये.

२. या पदांवरच्या अध्यापकांचा तीन-चतुर्थांश वेळ संशोधनासाठी राखीव राहील, असं शासन निर्णयात स्पष्ट लिहावं.

३. पहिलं काम म्हणून बीडमधल्या पिशवी काढलेल्या बायकांचा, त्यांच्या संमतीने, किमान दहा वर्षं पाठपुरावा करावा. त्यात हाडांची घनता, रक्तदाब, साखर, मानसिक आरोग्य, काम करण्याची क्षमता हे सगळं यावं. आणि जे आजार सापडतील त्यांवर त्याच महाविद्यालयात मोफत उपचार व्हावेत. याबाबतीत मी एक पाऊलही मागे येणार नाही. उस्मानाबादच्या अभ्यासात तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी दिली गेली नव्हती. त्यावर पुढे नैतिकतेचे कठोर प्रश्न विचारले गेले आणि ते योग्यच होते. बायकांचं रक्त घ्यायचं आणि उपचाराच्या वेळी बाजूला व्हायचं, असं संशोधन आम्हाला नको आहे.

४. प्रत्येक बाईला तिचा रिपोर्ट मराठीत, समजावून सांगून, हातात मिळावा. गावाला गावाचे निष्कर्ष ग्रामसभेत सांगितले जावेत. केंद्राच्या सल्लागार मंडळात ऊसतोड बायकांच्या आणि आदिवासी बायकांच्या प्रतिनिधी असाव्यात, आणि त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळावी.

५. खासगी रुग्णालयांत होणाऱ्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची माहिती, रुग्णांची नावं काढून, या केंद्रांना नियमित मिळावी.

६. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने स्त्रीरोग आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचे प्रबंध या केंद्रांच्या दीर्घ अभ्यासांना जोडण्याची सोय करावी. कुलगुरू महोदयांना यासाठी नवा पैसा लागणार नाही, परिपत्रक पुरेल.

७. वैद्यकीय संशोधन परिषदेने स्त्री-आरोग्याच्या दीर्घ अभ्यासांसाठी किमान दहा वर्षांच्या निधीचा वेगळा प्रकार सुरू करावा आणि हप्त्याला उशीर झाला तरी संशोधकांचं मानधन थांबणार नाही अशी तरतूद करावी.

खर्चाचं काय? मी माझा अंदाज मांडते, आपल्या वित्त अधिकाऱ्यांनी तो तपासावा. वर सांगितलेल्या पदांचे पगार, प्रवास, चाचण्या आणि साहित्य धरून एका केंद्राला वर्षाला साधारण दीड कोटी. सहा केंद्रांचे नऊ कोटी. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. त्या योजनेला माझा विरोध नाही. दीड हजार रुपये खेड्यातल्या बाईच्या हातात काय करतात ते मी जवळून पाहिलं आहे. मी फक्त प्रमाण दाखवते आहे : बहिणींसाठी ठेवलेल्या दर दहा हजार रुपयांमागे अडीच रुपये, एवढीच ही मागणी आहे.

उस्मानाबादच्या बायकांनी जगाला एचपीव्ही चाचणीचा पुरावा दिला. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेल्यांचं प्रमाण होतं १.९ टक्के. जे आपल्याच मातीत सिद्ध झालं, ते आपल्याच बायकांपर्यंत पोचलेलं नाही. संशोधन करणारी माणसं अभ्यास संपल्यावर निघून जातात, तेव्हा निष्कर्ष योजनेत उतरवण्यासाठी पाठपुरावा करणारं जिल्ह्यात कोणी राहत नाही. कायम पदं मागण्यामागे माझं हेही एक कारण आहे.

पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी या सात मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसतील तर का, हे आपण मुद्देनिहाय आणि जाहीरपणे सांगावं, अशी विनंती आहे. केंद्रांचा आराखडा, प्रश्नावल्या, तपासणीच्या पद्धती हे सगळं तयार करायला माझ्यासारख्या अनेक जणी कोणतंही मानधन न घेता बैठकीला येतील. बैठक शक्यतो अंबाजोगाईला आणि ऑक्टोबरच्या आत घ्यावी, कारण त्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि ज्यांच्याबद्दल आपण बोलणार आहोत त्या बायका बैठकीला येऊ शकणार नाहीत.

कळावे,

आपली विश्वासू,
स्त्री-आरोग्य क्षेत्रातील एक कंत्राटी संशोधक
जि. बीड